टॅब्लेटची नावे, किमती आणि ग्राहकांची कुरकुर : पार्श्वभूमी

टॅब्लेटबद्दल ग्राहक दोन तऱ्हेची कुरकुर करतात. काहींना नावे कळत नाहीत, काहींना किमती पटत नाहीत. २०१० पासूनची उत्पादने पाहिली, तर या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच दिसते. नावावरून वस्तू कुठल्या पायरीवरची आहे हे समजले नाही, तर मागितलेली किंमत रास्त की अवाच्या सवा, हे ठरवायचे तरी कशावरून?

२०१० पूर्वीचे पेनने चालणारे संगणक महाग होते आणि मुख्यतः कार्यालयांपुरतेच राहिले, त्यामुळे ते इथे सोडून देऊ. २७ जानेवारी २०१० रोजी ॲपलचा पहिला आयपॅड जाहीर झाला तेव्हा नावाची यथेच्छ टिंगल झाली. सॅनिटरी पॅडवरचे विनोद तर त्याच दिवशी सुरू झाले. किमतीने मात्र उलटा धक्का दिला. अंदाज हजार डॉलरच्या आसपासचे होते आणि सुरुवातीची किंमत निघाली ४९९ डॉलर. टिंगल थोड्याच दिवसांत विरली, ४९९ हा आकडा मात्र ग्राहकांच्या डोक्यात घट्ट बसला. २०११ चा एचपी कंपनीचा टचपॅड त्याच किमतीला आला, दीड-दोन महिन्यांत गुंडाळला गेला आणि ९९ डॉलरवर आणल्यावर हातोहात संपला. २०१२ चा मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटीही ४९९ लाच, तोही कीबोर्डशिवाय. त्याच्या नावातल्या ‘आरटी’ या दोन अक्षरांचा व्यवहारातला अर्थ होता ‘तुमची जुनी सॉफ्टवेअर यावर चालणार नाहीत’. तो अनेकांना खरेदीनंतरच उमगला. दुसऱ्या टोकाला ॲमेझॉनचा किंडल फायर आणि गूगलचा नेक्सस ७ यांनी १९९ डॉलरचा वेगळाच तळ तयार केला. २०१५ मध्ये फायर ५० डॉलरला आला, त्याचे सहाचे खोकेही मिळू लागले. लॉक स्क्रीनवर जाहिराती असायच्या, पण त्या किमतीत त्यावर फारसे कोणी भांडले नाही. स्वस्त वस्तूच्या नावाची चिकित्सा कोण करत बसतो?

नावांचा खरा गुंता मार्च २०१२ मध्ये सुरू झाला. आयपॅड २ नंतर आलेल्या मॉडेलला ३ हा क्रमांक न देता नुसते ‘नवा आयपॅड’ म्हटले गेले. सात महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, चौथा आला आणि ‘नवा’ घेतलेले ग्राहक जुने ठरले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. याच ‘नव्या’ मॉडेलच्या सिमवाल्या आवृत्तीच्या नावात ‘४जी’ होते, पण ऑस्ट्रेलियातल्या त्या वेळच्या ४जी जाळ्यांवर ती चालत नव्हती. तिथल्या ग्राहक नियामकाने प्रकरण न्यायालयात नेले, पैसे परत देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली आणि २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. दरम्यान त्या आवृत्तीचे नाव ‘वाय-फाय आणि सेल्युलर’ असे निरुपद्रवी झाले. टॅब्लेटच्या नावाचा हिशेब पैशांत चुकवावा लागल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

क्रमांक गेला आणि त्याच्या जागी ‘पिढी’ आली. ही मोजणी प्रत्येक मालिकेत वेगळी चालते. २०२० च्या मार्चमध्ये एकाच दिवशी जाहीर झालेले, आतून जवळपास सारखेच असलेले दोन आयपॅड प्रो (आयपॅडची सर्वांत महागडी मालिका) घ्या : ११ इंची दुसऱ्या पिढीचा, तर १२.९ इंची चौथ्या पिढीचा. नवा घेणाऱ्याला याने फरक पडत नाही. वापरलेला घेणाऱ्याला, कव्हर मागवणाऱ्याला, ॲपलची पेन्सिल, म्हणजे पडद्यावर लिहायचे पेन, जुळेल का हे पाहणाऱ्याला पडतो. शेवटी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला मॉडेल क्रमांक वाचण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

आयपॅड ‘एअर’ची गोष्ट आणखी मजेशीर. २०१३ मध्ये हे नाव आले तेव्हा सरळ होते : आधीच्यापेक्षा पातळ, हलका, किंमत ४९९. मार्च २०१७ मध्ये एअर बाजूला पडला आणि ३२९ डॉलरचा साधा ‘आयपॅड’ आला. २०१९ मध्ये एअर परतला तो बराचसा जुन्या १०.५ इंची प्रोचे शरीर घेऊन. किंमत पुन्हा ४९९. २०२० मध्ये ती ५९९ झाली आणि तिथेच राहिली. मे २०२४ मध्ये १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा निघाला, एअर मात्र ६.१. म्हणजे एअरपेक्षा प्रो पातळ. यावर विनोद झाले नसते तरच नवल.

या सगळ्यात सर्वांत वादग्रस्त ठरलेला निर्णय ऑक्टोबर २०२२ चा. तो नीट उलगडून पाहायला हवा, कारण नंतरच्या बहुतेक तक्रारी त्याच्याशी येऊन जुळतात.

त्या महिन्यात दहाव्या पिढीचा आयपॅड ४४९ डॉलरला आला. त्याआधी साध्या आयपॅडची किंमत पाच वर्षे ३२९ होती. शाळांसाठी, घरातल्या मुलांसाठी, आजी-आजोबांसाठी ‘साधा घ्या’ असे डोळे मिटून सांगता येत होते. आता त्याच नावाखाली १२० डॉलर जास्त मागितले जात होते आणि नववी पिढी ३२९ लाच शेजारी उभी होती. दुकानात ‘आयपॅड’ म्हटले की विक्रेत्याचा पहिला प्रश्न ‘कुठला?’

नव्याचे समर्थन करता येत नव्हते असे नाही. पडदा मोठा होता, होम बटण गेले होते, चार्जिंग यूएसबी-सीवर आले होते, समोरचा कॅमेरा आडव्या कडेला गेला होता आणि ही शेवटची सोय तेव्हाच्या प्रोमध्येसुद्धा नव्हती. पण याच आयपॅडला पेन्सिल चालत होती ती पहिल्या पिढीची, लाइटनिंग या ॲपलच्या जुन्या जोडणीच्या टोकाची. यूएसबी-सी टॅब्लेटला लाइटनिंग पेन्सिल जोडण्यासाठी मध्ये एक अडॅप्टर. जुनी पेन्सिल ज्यांच्याकडे होती त्यांना त्याचे ९ डॉलर वेगळे. दुसऱ्या पिढीची पेन्सिल एअरला चालायची, छोट्या आयपॅड मिनीला चालायची, याला नाही. कॅमेरा कडेला आल्याने चुंबकाने पेन्सिल चिकटवायला जागा उरली नाही, असा तर्क आतली रचना पाहणाऱ्यांनी मांडला. असेलही. ग्राहकाला रचनेची अडचण दिसत नाही, हातातले तीन तुकडे दिसतात.

त्याहून बोलका होता साठवणुकीचा हिशेब. दहाव्या पिढीत ६४ जीबी किंवा २५६ जीबी एवढेच पर्याय, मधला नाहीच. २५६ जीबीची किंमत ५९९, आणि ५९९ लाच ६४ जीबीचा एअर मिळत होता, तोही लॅपटॉपमध्ये वापरलेल्या एम१ चिपसह. एकाच रकमेत एकीकडे जागा आणि जुनी चिप, दुसरीकडे वेगवान चिप आणि अपुरी जागा. किमतीची शिडी अशी बांधलेली होती की कुठल्याही पायरीवर उभे राहिले तरी पुढची जवळच वाटावी आणि खालची चुकीची. हे मुद्दाम होते का, यावर मते वेगळी आहेत. मला ते योगायोग वाटत नाही. १२८ जीबीची आवृत्ती ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते.

पुढे जे बदल झाले ते पाहता ग्राहकांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर गेले नाही. २०२३ च्या अखेरीस ७९ डॉलरची यूएसबी-सी पेन्सिल आली, पण तिला हाताचा दाब कळत नव्हता, म्हणजे चित्रे काढणाऱ्यांची सोय पुन्हा वगळलेली. मे २०२४ मध्ये दहाव्या पिढीची किंमत ३४९ वर आली आणि नववी बंद झाली. कपात म्हणून तिचे स्वागत झाले खरे, पण सर्वांत स्वस्त नवा आयपॅड त्या दिवशी २० डॉलरने महागला. मार्च २०२५ मध्ये त्याच ३४९ ला थेट १२८ जीबीपासून सुरू होणारे मॉडेल आले. अडीच वर्षांपूर्वी लोक मागत होते ते साधारण हेच.

त्या मॉडेलच्या नावात पिढी नाही, कंसात चिप आहे : आयपॅड (ए१६). वापरणारे त्याला अकरावी पिढीच म्हणतात. हीच पद्धत त्याआधी मिनीला लागू केली होती, तेव्हा ‘आयपॅड मिनी (ए१७ प्रो)’ असे नाव तयार झाले. सर्वांत छोट्या टॅब्लेटच्या नावातही ‘प्रो’ शिरला, तो चिपच्या मागच्या दाराने.

सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबच्या गोटात क्रमांक टिकले, तरी फार बरे चालले आहे असे नाही. सुरुवातीची नावे पडद्याच्या मापावरून होती : ७.७, ८.९, १०.१. नंतर अक्षरे आली. एस महागडी, ए परवडणारी, एवढे कळायला सोपे. घोळ झाला तो नावामागे लागणाऱ्या शेपटांचा. टॅब एस६ लाइट २०२० मध्ये आला, पेन खोक्यातच मिळत असल्याने लोकांना आवडला. पुढे २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेगळी चिप घालून तोच त्याच नावाने विकला गेला, साल कंसात. एस८ आणि एस९ येऊन गेल्यावरही नवा कोरा ‘एस६’ दुकानात होता. एस७ एफईमध्ये तर ५जी आणि वाय-फाय आवृत्त्यांच्या चिप वेगवेगळ्या, आणि वेगवान होती ती स्वस्त वाय-फायवाली. २०२४ च्या एस१० मालिकेत प्लस आणि अल्ट्रा आले, साधा एस१० आलाच नाही. २०२५ च्या एस११ मध्ये साधा परतला आणि प्लस गायब झाला. मधली पायरी कुठली हे दरवर्षी नव्याने शोधायचे.

तरी या बाजूला एक गोष्ट ग्राहकांच्या बाजूची राहिली. एस मालिकेत पेन बहुधा सोबत येते, त्यामुळे जाहिरातीतली किंमत आणि बिलाची किंमत यांत अंतर कमी पडते. आयपॅडमध्ये, आणि सरफेसमध्येही, पेन आणि कीबोर्ड वेगळे. तुलना करणारे लोक टॅब्लेटच्या किमतीची तुलना करतात आणि खरेदी करणारे संपूर्ण संचाची. वादात दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे फेकतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. २०२४ च्या १३ इंची प्रोची सुरुवात १२९९ डॉलरपासून होती. त्याच्यासाठीच्या कीबोर्डची किंमत होती ३४९, म्हणजे अख्ख्या साध्या आयपॅडइतकी.