गालिचा-वनस्पती, शैलोद्यानातील

उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या (जिच्या पलीकडे वृक्ष वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर जमिनीलगत पसरणाऱ्या बुटक्या, बहुवर्षायू फुलझाडांना व त्यांच्यासारख्या वाढणाऱ्या बागेतील जातींना ही संज्ञा लावतात. त्या सर्वच ‘अल्पाइन’ (उंच पर्वतांवरील) नसतात. सर्रास लावली जाणारी फ्लॉक्स सब्युलाटा मूळची पूर्व उत्तर अमेरिकेतील खडकाळ, रेताड जागांची आहे.

गालिचा व उशी या वाढीच्या दोन तऱ्हांत नेहमी गल्लत होते. गालिच्याची (उदा., ड्रायस ऑक्टोपेटाला, रानटी थाइम) खोडे सरपटत जागोजाग मुळे धरतात, उशीत (अँड्रोसेस हेल्वेटिका) दाटलेले प्ररोह (कोंब) एकाच सोटमुळावर तगतात. सायलीन अकॉलिसला काही लेखक गालिच्यात धरतात, पण तिचे जाड सोटमूळ पाहता ती उशीतच घालणे सयुक्तिक वाटते. हा भेद व्यवहारातही जाणवतो : गालिच्याचा मुळे फुटलेला तुकडा तोडून लावता येतो, उशी खणली की बहुधा दगावते.

शैलोद्यानाच्या (दगडांच्या रचनेत अशी झाडे लावलेल्या बागेच्या) उगमाविषयी एकमत नाही. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमधील सुमारे १७७३ ची रचना यूरोपातील आद्य रचनांत गणतात. तीत टॉवर ऑफ लंडनचे दगड आणि ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी आणलेला आइसलँडचा लाव्हा आहे. नुसती दगडांची मांडणी हीच कसोटी असेल, तर चीन-जपानमधील उद्याने कितीतरी जुनी ठरतात. पर्वतीय वनस्पतींच्या लागवडीचा शास्त्रीय आरंभ मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ आन्टोन केर्नर यांच्या इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) येथील १८६४ च्या ग्रंथापासून धरणे बरे.

लागवडीसाठी किमान सहा तास ऊन व ३० सेंमी. खोल मिश्रण लागते : बागेची माती १ भाग, पानांचे कुजलेले खत १ भाग, ३–६ मिमी. टोकदार खडी २ भाग. गोल गोटे एकमेकांत अडकत नसल्याने मिश्रण दबते. दगड निम्मे गाडून मागे कलते ठेवतात, म्हणजे पाऊस मुळांकडे वळतो. रोपाचा गळा (खोड व मूळ जुळतात ती जागा) मातीच्या किंचित वर ठेवून भोवती २–३ सेंमी. खडी सरकवतात. ही झाडे थंडीपेक्षा हिवाळी ओलीने अधिक मरतात : पर्वतावर त्या काळात बर्फाखाली ती जवळपास कोरडी असतात, बागेत गळा भिजून कुजतो. नत्रयुक्त खताने वाढ लुसलुशीत होते, फुले घटतात.

गालिचा मधोमध करपल्यास त्या जागी खडीमिश्रित माती चाळून भरतात. लगतची खोडे तिथे मुळे धरतात. ऑब्रिएटा व फ्लॉक्स फुलोरा ओसरताच एक-तृतीयांश छाटतात. ड्रायसला कात्री लावू नये. पुष्कळ जातींच्या बियांना रुजण्याआधी ४–६ आठवडे ओलसर गारवा (सुमारे ४° से.) द्यावा लागतो.