कम्युनिटी कॉलेजातील ओरिएंटेशन आणि शैक्षणिक सल्ला

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तिथे नव्या विद्यार्थ्याला कॉलेजचे नियम, सोयी आणि रीतीभाती समजावून देण्याचा कार्यक्रम म्हणजे ओरिएंटेशन. कोणते विषय, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी घ्यायचे हे त्याच्यासोबत बसून ठरवणे म्हणजे शैक्षणिक सल्ला. या दोन्ही गोष्टी चार वर्षांच्या विद्यापीठांतही असतात, पण तिथली चाळणी प्रवेशाच्या वेळीच उरकलेली असते. कम्युनिटी कॉलेजचे दार मात्र जवळपास सर्वांना उघडे असते. त्यामुळे कोण कुठवर पोहोचणार हे पुष्कळदा दाराच्या आत, सल्लागाराच्या टेबलाशी ठरते.

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. सहा जणांसाठी वेगळ्या सल्लागाराची गरज नव्हती, शिक्षकच प्रत्येकाला ओळखत. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरवावे असे सुचवले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नावही तेव्हापासून रूढ झाले. नोकरी सांभाळून शिकणारे, लेकुरवाळ्या आया, परदेशातून आलेली कुटुंबे, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले असे सगळेच येऊ लागले. यांतल्या अनेकांच्या घरी ‘क्रेडिट म्हणजे काय’, म्हणजे विषय पुरा केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणारे माप कोणते, हे सांगणारे कोणी नव्हते.

या व्यवस्थेवरची सर्वांत बोचरी टीका १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी केली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनियर कॉलेजचा त्यांनी अभ्यास केला. पुढे विद्यापीठात जायचे म्हणून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना कॉलेज थेट ‘नाही’ म्हणत नव्हते. हळूहळू, गोड बोलून त्यांची स्वप्ने लहान करत होते. आधी चाचणी, मग समुपदेशकाची भेट, मग सर्वांना सक्तीचा असलेला ओरिएंटेशनचा तास. या तासात ‘आपली कुवत ओळखा’ हा धडा असे. पुढे कमी गुणांच्या चिठ्ठ्या आणि शेवटी प्रोबेशन, म्हणजे ‘गुण सुधारा, नाहीतर’ अशी ताकीद. क्लार्क यांनी याला ‘कूलिंग आउट’ म्हटले. हा शब्द मूळचा ठगांच्या बोलीतला. लुबाडलेल्या माणसाने आरडाओरडा करू नये म्हणून त्याची समजूत काढून त्याला थंड करणे, असा त्याचा अर्थ. सल्लागार दुष्ट होते असे क्लार्क म्हणत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे निरीक्षण अधिक अस्वस्थ करते: आपुलकीने दिलेला सल्लासुद्धा एखाद्याची वाट बंद करू शकतो.

पुढे १९७२ मध्ये दोन महत्त्वाचे विचार आले. बर्न्स क्रुकस्टन यांनी नुसते ‘हे घे, ते घेऊ नको’ सांगणारा सल्ला आणि विद्यार्थ्याला घडवणारा सल्ला यांतला फरक मांडला. टेरी ओबॅनियन यांनी सल्ल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या: आयुष्यात काय हवे, व्यवसाय कोणता, अभ्यासक्रम कोणता, विषय कोणते, आणि अगदी शेवटी वेळापत्रक. प्रत्यक्षात गर्दीच्या दिवसांत अर्ध्या तासाची भेट थेट पाचव्या पायरीवरच सुरू होते आणि तिथेच संपते. पहिल्या दोन पायऱ्यांना वेळ मिळत नाही, ही या व्यवस्थेची खरी दुखरी नस आहे.

सल्ल्यातून हातात येते ती सत्रवार योजना, म्हणजे ‘एज्युकेशन प्लॅन’. तिचे मोल कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनोच्या दि आन्झा कॉलेजच्या उदाहरणावरून ध्यानात येते. १९६७ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज क्वार्टर पद्धतीने, म्हणजे ऋतूगणिक एक सत्र याप्रमाणे चालते. तिथे कॅल्क्युलसचे चार भाग एकामागून एक घ्यावे लागतात: शरदात पहिला, हिवाळ्यात दुसरा, वसंतात तिसरा, पुढच्या शरदात चौथा. अभियांत्रिकीला लागणारी पदार्थविज्ञानाची मालिका याच साखळीवर टेकलेली असते. आता एखाद्या मुलीने पहिल्या शरदात गणित टाळून ‘आधी सोपे विषय उरकू’ असे ठरवले, तर नुकसान एका विषयावर थांबत नाही. मागचे सगळे डबे घसरतात. इथून चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घ्यायची तर आवश्यक विषय त्याआधीच्या वसंतापर्यंत पुरे हवे असतात, ते होत नाहीत आणि वर्ष हातचे जाते. ती नापास झालेली नसते, तिला वेळेवर कोणी सांगितलेले नसते. कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात चालतो हे दाखवणारे ‘असिस्ट’ नावाचे संकेतस्थळ कॅलिफोर्नियात आहे. पण ते वाचायला शिकवणाराही कोणी लागतो.

कॅलिफोर्नियाची ११६ कॉलेजे मिळून देशातील सर्वांत मोठी कम्युनिटी कॉलेज व्यवस्था होते. तिथे समुपदेशक हा प्राध्यापकवर्गात मोडतो आणि त्याला पदव्युत्तर पदवी लागते. इतर अनेक राज्यांत हे काम कार्यालयीन कर्मचारी करतात. १९८६ च्या कायद्याने ओरिएंटेशन, चाचणी आणि सल्ला यांची एक साखळी बांधली. २०१२ च्या कायद्याने तिला धार आली. २०१४ पासून ही तिन्ही कामे पूर्ण करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला विषयनोंदणीत आधीचा क्रमांक मिळू लागला. गर्दीच्या विषयांच्या जागा पाहता पाहता भरतात, त्यामुळे हा क्रमांक फार मोलाचा.

चाचणीचे मात्र पुढे उलटेच निघाले. एका बैठकीच्या परीक्षेवरून हजारो मुलांना पायाभूत गणिताच्या आणि इंग्रजीच्या वर्गांत बसवले जाई. या वर्गांचे क्रेडिट पदवीत धरले जात नसे आणि त्यातून बाहेर पडण्याआधीच अनेक जण कॉलेज सोडत. २०१७ च्या कायद्याने शाळेतले गुण हा मुख्य आधार ठरवला आणि बहुतेकांना विद्यापीठाच्या पातळीचा विषय वर्षभरात पुरा करता यावा, ही जबाबदारी कॉलेजवर टाकली. क्लार्क यांनी वर्णन केलेल्या साखळीची पहिलीच कडी अशी निखळली. तयारी कमी असलेल्यांचे हाल होतात, ही शिक्षकांची तक्रारही खोटी नाही. वर्गाला जोडून मदतीचा तास नसेल तर ती खरीच ठरते.

सल्ला पुरेसा दिला तर काय होते, याचा भक्कम पुरावा न्यूयॉर्कमधून आला. शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. बदल्यात फी आणि अनुदान यांतल्या तफावतीची भरपाई, पुस्तकांना मदत, प्रवासाचे मेट्रोकार्ड आणि सतत भेटणारा एकच सल्लागार. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत एका सल्लागाराकडे ६०० ते १,५०० जण असत, इथे ६० ते ८०. सोडत काढून विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांनी असॅपच्या गटातले ४० टक्के पदवीधर झाले, दुसऱ्या गटातले २२ टक्के. श्रेय एकट्या सल्ल्याचे नाही, मेट्रोकार्डही महिन्यातून एकदा सल्लागाराच्या हातून मिळायचे. तरी ओळखीचा एक माणूस, ज्याला आपले नाव आठवते, ही गोष्ट पडद्यावरच्या ओरिएंटेशनने भरून निघत नाही. हल्ली अनेक कॉलेजांत ते काही चित्रफिती आणि शेवटी चार प्रश्न एवढेच उरले आहे.

क्युपर्टिनो, सनीव्हेल या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांना इथली रीत सुरुवातीला चकवते. महाराष्ट्रात शाखा निवडली की विषय आणि वेळापत्रक बहुतांशी ठरूनच येते. इथे सगळे स्वतः रचायचे असते. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यासोबत आलेली आणि पुणे-मुंबईची पदवी असलेली गृहिणी इथे शिकू शकते, पण ती पदवी इथे धरली जावी असे वाटत असेल तर तिचे आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला तर साधा सल्लाही महागात पडू शकतो. ‘जड जातोय तर विषय सोडून दे’ हे स्थानिक मुलाला ठीक. एफ-१ वर असलेला मुलगा परवानगीशिवाय सत्राला १२ युनिटच्या, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाच्या मापाच्या खाली गेला तर त्याचा मुक्कामच धोक्यात येतो. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचे ओरिएंटेशन आणि सल्ला कार्यालय वेगळे असते.

पालकांना सर्वांत जड जाते ते १९७४ च्या गोपनीयता कायद्याचे. मुलाने कॉलेजमध्ये नाव घातले की त्याच्या नोंदीवरचा हक्क त्याचा होतो, तो अजून हायस्कुलात असून कॉलेजचा एखादाच विषय घेत असला तरी. आई फोन करून ‘आमच्या राहुलला किती मिळाले?’ विचारते, तेव्हा पलीकडून राहुलच्या लेखी संमतीची विचारणा होते. भेटीची वेळ राहुलनेच घ्यायची, प्रश्नही त्यानेच विचारायचे, आणि आईने आत यावे की नाही हेही तोच ठरवतो.