डक्सफर्डची धावपट्टी आणि बडोद्याचं मुंगूस

लेक-जावई किंवा मुलगा इंग्लंडात असला की बडोद्याच्या मराठी घरांतले आई-वडील एकदा तरी तिकडे जाऊन येतात. अशांनी केंब्रिजजवळचं डक्सफर्ड चुकवू नये. आज तिथे विमानांचं संग्रहालय आहे; मूळचा तो लढाऊ विमानतळ.

पहिलं महायुद्ध संपता संपता तो बांधला गेला. त्या काळची हँगर अजून उभी आहेत. आत गेल्यावर आधी छताकडे पाहा: बारीक लाकडी पट्ट्या तिरप्या ठोकून केलेल्या कमानी, अगदी सुपाची वीण वाटावी अशा. ४ ऑगस्ट १९३८ रोजी ब्रिटिश हवाई दलाचं पहिलं स्पिटफायर हे लढाऊ विमान इथेच, १९ क्रमांकाच्या तुकडीकडे आलं. १९४० मध्ये मायदेश गमावलेल्या चेक वैमानिकांची ३१० क्रमांकाची तुकडी इथे उभी राहिली. १९४३ पासून अमेरिकन आले.

१९६१ मध्ये हवाई दलाने तळ सोडला. पुढे इथे तुरुंग किंवा क्रीडासंकुल करायचे बेत निघाले, ते बारगळले हे आपलं भाग्यच! इम्पीरियल वॉर म्युझियमला मोठी विमानं ठेवायला जागा हवी होती, आणि स्वयंसेवक हाताने काम करायला तयार होते. १९७७ मध्ये धावपट्टीही वाचली, म्हणून जुनी विमानं इथे आजही उडतात. त्याच वर्षी एक काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगवान प्रवासी विमान, उडत येऊन इथे उतरलं. लगेचच नव्या महामार्गासाठी धावपट्टीचं एक टोक कापलं गेलं.

आता आपल्या गावाचं. मे १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर घेऊन पुन्हा उभी राहिली; बडोद्याच्या देणगीमुळे तिच्या नावात 'बडोदा' आलं. राजघराण्याची देणगी म्हणजे शेवटी रयतेच्या साऱ्याचाच पैसा, म्हणून त्या विमानांवर मी आपला सगळ्यांचा हक्क मानतो. तुकडीच्या चिन्हावर मुंगूस होतं. खूप उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी तिला आत हवेचा दाब राखणाऱ्या कॉकपिटची खास स्पिटफायर मिळाली होती. डक्सफर्डला स्पिटफायरचं इंजिन सुरू झालं की ही तुकडी आठवावी.

१ एप्रिल १९४६ रोजी तिला ५६ हा क्रमांक दिला गेला आणि बडोद्याचं नाव तिथून गेलं.