पाळी गेल्यानंतरचे हार्मोन: २००२ ला थांबवलेली ट्रायल आणि एका नावाचा घोळ

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मेनोपॉजच्या हार्मोन औषधांवरची काळ्या चौकटीतली वॉर्निंग (औषधाच्या माहितीपत्रकावर छापायची सगळ्यात कडक सूचना) काढायचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून दोनच सूर ऐकू येतायत. एक म्हणजे वीस वर्षं बायकांना उगाच घाबरवलं, दुसरा म्हणजे नियामकाने कंपन्यांपुढे मान तुकवली. भांडण सगळं २००२ च्या एका निर्णयावरून चाललंय, तेव्हा अमेरिकेतली या गोळीची एक मोठी ट्रायल मधेच थांबवली होती, पण तो निर्णय कुठल्या गोळीबद्दल होता, कुठल्या वयाच्या बायकांवर तपासला होता आणि आकडे काय होते हे सांगायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधीचा इतिहास थोडक्यात. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ ला परवानगी मिळाली, साठच्या दशकात 'कायम तरुण राहा' छापाचा प्रचार झाला आणि खप वाढला. मग डिसेंबर १९७५ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यास छापून आले की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साडेचार ते साडेसात पट जास्त दिसतोय. खप धाडकन पडला. त्यावर तोड निघाली ती अशी की गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणारं औषध) द्यायचं म्हणजे अस्तर वाढत नाही, आणि ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना नुसतं इस्ट्रोजेन चालतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकात गोळी परत वर आली, पण आता कारण वेगळं होतं. अंगातून गरम वाफा येतात म्हणून द्यायची गोळी आता हार्ट अटॅक टाळायला द्यायची असं झालं. आधार होता निरीक्षणातून आलेल्या अभ्यासांचा, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे १९७६ पासून नर्सेसना दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवणारा अभ्यास, आणि १९९१ च्या त्याच्या निष्कर्षात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना हृदयविकार जवळपास निम्म्याने कमी दिसला. अडचण अशी की गोळी कुणाला मिळत होती हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. जी बाई नियमित डॉक्टरकडे जाते, सिगरेट ओढत नाही, वजन सांभाळते, तिच्याच हातात ही गोळी पडायची शक्यता जास्त, मग हार्ट चांगलं राहिलं ते गोळीमुळे की तिच्या राहणीमानामुळे हे वेगळं कसं काढणार? तरी डॉक्टर निरोगी बायकांना वर्षानुवर्षं गोळी देत होते. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली खरी चूक इथे झाली, २००२ मध्ये नाही.

पहिला धक्का १९९८ ला बसला. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा २,७६३ बायकांना गोळी किंवा प्लासिबो (दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी) देऊन चार वर्षं पाहिलं, फायदा शून्य, उलट पहिल्या वर्षी गोळीवाल्यांना हार्टचा त्रास जास्त. पण या बायका आधीच आजारी होत्या, सरासरी वय ६७, असं म्हणून बऱ्याच जणांनी तो निकाल बाजूला ठेवला. निरोगी बायकांवरची मोठी ट्रायल तेव्हा चालूच होती.

ती ट्रायल अमेरिकेत ४० केंद्रांवर सरकारी पैशातून झाली. १९९३ ते १९९८ या काळात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका घेतल्या, वय ५० ते ७९, अर्ध्यांना रोज एक गोळी (घोडीचं इस्ट्रोजेन ०.६२५ मिग्रॅ आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन २.५ मिग्रॅ), अर्ध्यांना प्लासिबो. सरासरी वय ६३ आणि पन्नाशीतल्या बायका फक्त एक तृतीयांश. आज यावरून खूप टीका होते की मुळात ज्यांना ही गोळी लागते त्या बायका घेतल्याच नाहीत. पण ट्रायलचा प्रश्नच हार्ट अटॅक टळतो का हा होता, आणि पन्नाशीत बायकांना हार्ट अटॅक इतके कमी येतात की नुसत्या त्याच वयाच्या घेतल्या असत्या तर संख्या कितीतरी पटीने वाढवावी लागली असती. शिवाय जिला रात्रभर घाम येतोय तिला आपल्याला प्लासिबो मिळालाय हे आठवड्याभरात कळतं. म्हणजे रचना तिच्या प्रश्नाला धरून होती, ती वेगळ्याच प्रश्नाला वापरली गेली ही नंतरची गोष्ट.

आता मुख्य मुद्दा, ट्रायल का थांबवली.

साडेआठ वर्षं चालायची होती. मधेमधे आकडे बघायला एक स्वतंत्र समिती असते, औषध कंपनीचे आणि ट्रायल चालवणारे लोक तिच्यात नसतात, आणि कुठल्या आकड्याला थांबायचं याच्या रेषा आधीच आखलेल्या असतात. इथे फायद्याची रेषा कडक होती आणि हानीची मुद्दाम सैल, म्हणजे नुकसान दिसायला लागलं तर कमी पुराव्यावरही थांबता यावं. त्यातही बाकीच्या आजारांसाठी हानीची रेषा गणिताने थोडी कडक केली होती आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी केली नव्हती, कारण ती भीती आधीपासूनच होती. ३१ मे २००२ च्या बैठकीत स्तनाच्या कॅन्सरचा आकडा ती रेषा ओलांडून गेलेला होता आणि सगळे फायदे-तोटे मिळून काढलेला एकत्रित निर्देशांकही तोट्याकडे झुकला होता. समितीने थांबवा म्हणून सांगितलं, सरासरी ५.२ वर्षं झाली होती.

आकडे असे. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर प्लासिबोत ३०, गोळीत ३८. हृदयविकार ३० चे ३७. पक्षाघात २१ चे २९. फुप्फुसात गुठळी ८ चे १६. आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १० आणि खुब्याचं फ्रॅक्चर १५ वरून १०. एकूण मृत्यूंत फरक नाही. म्हणजे एका बाईच्या दृष्टीने वर्षभराचा फरक फार बारीक आहे, पण ज्या गोळीचा मुख्य दावा हार्ट वाचवते हा होता तिने हार्ट वाचवलं नाही, आणि निरोगी बायकांना आजार होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाला दर दहा हजारात आठ जादा कॅन्सर चालत नाहीत.

टीकाकारांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आकडेशास्त्राचा आहे आणि तो खोटा नाही. स्तनाच्या कॅन्सरचा धोका १.२६ पट, पण खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो याची साधी मर्यादा १.०० ते १.५९, म्हणजे खालचं टोक एकावरच टेकलेलं, आणि अनेकदा अनेक गोष्टी तपासल्याचा हिशेब धरून काढलेली मर्यादा ०.८३ ते १.९२, म्हणजे फरक नसण्याचीही शक्यता आत येते. दुसरा मुद्दा, गोळीवाल्यांपैकी ४० टक्क्यांना आपण गोळीवर आहोत हे कळवावं लागलं कारण अंगावर जायला लागलं होतं, प्लासिबोत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत. हे सगळं मान्य करूनही मला थांबवण्याचा निर्णय बरोबर वाटतो. रेषा आधी आखली होती, निकाल बघून आखली नव्हती, आणि ट्रायलमधल्या बायकांना आपण दिलेला शब्द तोच होता की नुकसान दिसलं तर पुढे नेणार नाही. शिवाय पुढचा पुरावा त्याच दिशेने गेला. २० वर्षांच्या पाठपुराव्यात (२०२० ला छापलेला) या जोडगोळीच्या गटात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण १.२८ पटच राहिलं. आणि अमेरिकेत २००३ ला स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ६.७ टक्क्यांनी घसरलं, त्यातलं किती गोळ्या बंद झाल्यामुळे यावर वाद आहे पण वेळ जुळते.

चुकलं ते सांगण्यात. पत्रकार परिषद ९ जुलैला झाली, जर्नलचा अंक १७ जुलैचा, आणि मथळ्यात गेलं ते '२६ टक्के वाढ'. तीसचे अडतीस हे कुणाच्या घरापर्यंत पोचलंच नाही. २६ टक्के ऐकून माणसाला वाटतं शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर होणार. कित्येक बायकांनी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या, अमेरिकेत वर्षाला ९ कोटीच्या आसपास असलेली प्रिस्क्रिप्शन्स वर्षभरात ५.७ कोटींवर आली. २००३ ला भर पडली ती डिमेन्शियाची, ६५ च्या वरच्या ४,५३२ बायकांत गोळीवर ४० जणींना डिमेन्शिया आणि प्लासिबोवर २१ जणींना. मथळ्यात वय नव्हतं. पन्नाशीतली बाई वाचते आणि घाबरते.

आणि इथे ते नाव आडवं येतं. एचआरटी, म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी. रिप्लेसमेंट म्हटलं की शरीरात होतं ते गेलं, ते परत भरतोय असा अर्थ निघतो, थायरॉइडच्या गोळीसारखा. पण घोडीच्या मूत्रातली कित्येक इस्ट्रोजेन्स बाईच्या शरीरात कधी नव्हतीच, आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तर प्रयोगशाळेत बनवलेलं. म्हणून बरेच तज्ज्ञ आता 'मेनोपॉजल हार्मोन थेरपी' म्हणतात. पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी वाटते, नाव एकच आणि त्याखाली भरलेल्या गोष्टी पाच: नुसतं इस्ट्रोजेन, जोडगोळी, पॅच किंवा जेल, योनीत लावायचं क्रीम, आणि प्रोजेस्टेरॉनचे प्रकार पुन्हा निरनिराळे. आपल्याकडे तर 'हार्मोनच्या गोळ्या' म्हटलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळीपासून गर्भनिरोधकापर्यंत सगळं त्यात येतं. एका जोडगोळीचा, एका डोसचा, सरासरी ६३ वयाच्या बायकांवरचा निकाल या एका नावावरून घसरत घसरत सगळ्यांवर जाऊन बसला.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा त्याच ट्रायलच्या दुसऱ्या भागात आहे. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ च्या सुरुवातीला थांबवला, तेही कुठलीही ठरवलेली रेषा ओलांडलेली नसताना, पक्षाघात वाढतोय आणि हार्टला फायदा दिसत नाही म्हणून. पण स्तनाचा कॅन्सर तिथे वाढला नव्हता, ०.७७ पट म्हणजे कमीच होता, आणि २० वर्षांनी बघितलं तर त्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यूही कमी. एवढी मोठी गोष्ट, आणि तरी आजही पिशवी काढलेली बाई म्हणते की मी घेणार नाही, कॅन्सर होतो. हे ऐकलं की वाईट वाटतं.

नंतर वयाप्रमाणे आकडे फोडले गेले. २००७ च्या विश्लेषणात पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही, वीस वर्षं उलटून गेलेल्यांत १.२८ पट दिसला, त्यातून 'वेळेवर सुरू केलं तर' हा विचार पुढे आला. २०१६ ला ६४३ बायकांच्या ट्रायलमध्ये लवकर सुरू केलेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत हळू जाड झाली, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या कॅल्शियममध्ये फरक नव्हता. २०१७ ला १८ वर्षांच्या हिशेबात एकूण मृत्यू दोन्हीकडे सारखे. एक गोष्ट मात्र हल्ली सोयीने गाळली जाते, पक्षाघाताची वाढ २००७ च्या त्याच विश्लेषणात वयावर अवलंबून दिसली नव्हती.

वॉर्निंगची चौकट जानेवारी २००३ मध्ये आली आणि ती इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर लागली, योनीत लावायच्या कमी डोसच्या क्रीमवरसुद्धा, जे रक्तात जवळजवळ जातच नाही. कोरडेपणाने, लघवीच्या सारख्या इन्फेक्शनने हैराण झालेली सत्तरीची बाई ट्यूबच्या खोक्यातला कागद उघडते आणि तिथे पक्षाघात, डिमेन्शिया. कितीजणींनी ती ट्यूब तशीच ठेवून दिली असेल. क्रीमवरची चौकट काढायची मागणी खूप जुनी आहे आणि ती रास्तच होती. २०२५ च्या निर्णयात मात्र क्रीमच्या बरोबरीने गोळ्या-पॅचवरची हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि डिमेन्शियाची चौकटही काढायचं ठरलं, नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या-पॅचवर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची तेवढी ठेवली, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू करा असा सल्ला आला. म्हणजे २००३ ला सगळं एका टोपलीत टाकून घाबरवलं, आता बरंचसं त्याच टोपलीत ठेवून धीर देतायत.

मधल्या काळात वाफांवर हार्मोन नसलेलं औषधही आलं, मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागातला एक रिसेप्टर (पेशीवरची संदेश घेणारी जागा) अडवणारं, मे २०२३ ला अमेरिकेत मंजूर झालं आणि डिसेंबर २०२४ ला त्याच्यावर लिव्हरसाठी काळी चौकट लागली. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांच्यासाठी हा मार्ग महत्त्वाचा, पण हाडांना त्याचा उपयोग नाही.

आज बरेच डॉक्टर जुनी जोडगोळी देत नाहीत, पॅच किंवा जेलमधून इस्ट्राडायॉल (बाईच्या शरीरात बनतं तेच इस्ट्रोजेन) आणि जोडीला नैसर्गिक रचनेचं प्रोजेस्टेरॉन देतात. पॅचने गुठळ्या वाढत नाहीत आणि या प्रोजेस्टेरॉनने स्तनाचा कॅन्सर तितका वाढत नाही असं सांगतात, त्यामागे फ्रान्समधले मोठे अभ्यास आहेत आणि यंत्रणाही पटण्यासारखी आहे, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि गुठळी करणारे घटक वाढवतं, पॅचचं तसं जात नाही. पण हे अभ्यास पुन्हा निरीक्षणाचेच आहेत, १९९१ च्या अभ्यासासारखे, कुणाला पॅच मिळाला हे तिथेही चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. पन्नाशीतल्या बायकांना पॅच आणि प्लासिबो देऊन हार्ट अटॅक आणि कॅन्सर मोजणारी त्या आकाराची ट्रायल अजून झालेली नाही.