आडनाव संपतं, वंश संपत नाही

‘आमच्यानंतर हे आडनाव कोण चालवणार?’ हा प्रश्न आपल्याकडे फक्त मुली असलेल्या घरात हमखास निघतो. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली तो गणित म्हणून मांडला. नामांकित घराण्यांची आडनावं एकामागून एक का लोप पावतात, असं त्यांनी विचारलं होतं. हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञांनी उत्तर काढलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन, तीन असे किती मुलगे होतील याची शक्यता धरायची आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे मोजत जायचं, ही त्यांची रीत. सगळीच आडनावं शेवटी नष्ट होणार, हा वॉटसन यांचा निष्कर्ष मात्र चुकला. सरासरी एकाहून अधिक मुलगे होत असतील, तर काही आडनावं टिकतात.

तरीही टिकणारी थोडीच. लोकसंख्येचे गणित मांडणारे अल्फ्रेड लोट्का यांनी १९२० सालच्या अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांची आकडेवारी घेतली. दर पुरुषामागे सरासरी सव्वा मुलगा होता, म्हणजे लोकसंख्या वाढत होती. असं असूनही एका पुरुषापासून सुरू झालेली आडनावाची शाखा कधी ना कधी खुंटण्याची शक्यता ८२ टक्के निघाली! बहुतेक शाखा पहिल्या दोन-चार पिढ्यांतच संपतात. म्हणून आडनावं जुनी असलेल्या देशांत ती मोजकीच उरलेली दिसतात. कोरियात किम, ली आणि पार्क या तिघांतच जवळपास निम्मी माणसं येतात. जपानमध्ये मात्र सामान्य लोकांना आडनाव सक्तीचं झालं १८७५ मध्ये, आणि तिथे आजही एक लाखाहून अधिक आडनावं आहेत.

मराठीत आडनावांची रेलचेल आहे, कारण ती घडण्याच्या वाटा अनेक होत्या. गावावरून ‘कर’ लागलं, वतनावरून देशमुख-कुलकर्णी आले, पराक्रमावरून किंवा स्वभावावरून वाघमारे, गोडबोले. शिवाय आपल्याकडे आडनाव बदलायचंही. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. दप्तराच्या हुद्द्याने ते झाकलं गेलं. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. असं जुनं आडनाव मागे पडतं तेव्हा कुळाला काहीच झालेलं नसतं.

एका आडनावाची माणसं खरंच एका कुळातली आहेत का, हे तपासायला आडनावासारखंच वडिलांकडून मुलाकडे जाणारं, फक्त पुरुषांत असलेलं वाय गुणसूत्र उपयोगी पडतं. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या इंग्रज पुरुषांची तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र सारखं निघालं. स्मिथ, म्हणजे लोहार, या आडनावात मात्र असं नातं दिसत नाही, कारण गावोगावी वेगळे लोहार होते. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांनाही हाच तर्क लागू पडतो. गावागणिक वतनदार वेगळा, त्यामुळे दोन पाटील भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. दुर्मीळ आडनावाचे दोघे भेटले, तर एका पूर्वजाची शक्यता खूप जास्त.

दत्तक घेतलं की आडनाव चालतं आणि वाय गुणसूत्राची साखळी तुटू शकते. पण मूल शक्यतो भाऊबंदांतलंच घ्यायची आपली रीत होती. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये दत्तक आलेले सयाजीराव नाशिककडच्या कवळाणे गावचे, त्याच गायकवाड कुळाच्या दूरच्या शाखेतले होते. मुलींची गोष्ट वेगळी. गाल्टन-वॉटसन यांच्या गणितात त्या मोजल्याच जात नाहीत. आई-वडिलांची निम्मी-निम्मी जनुकं मुलीलाही मुलाइतकीच मिळतात, आणि ती तिच्या मुलाबाळांतून दुसऱ्या आडनावाखाली पुढे जात राहतात.