घराबाहेरचे सौर दिवे स्वतः बसवताना : पॅनेल सर्वांत शेवटी ठरवा

"किती वॅटचे पॅनेल घेऊ?" आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा हा पहिला प्रश्न असतो. खरे तर तो शेवटचा. आधी रात्र ठरवायची: उजेड कुठे हवा आणि किती वेळ. त्यावरून बॅटरी निघते आणि बॅटरीवरून पॅनेल. उलट्या टोकाने सुरुवात केली की गच्चीवर मोठे पॅनेल दिमाखात उभे असते आणि पहाटे फाटकावर अंधार. म्हणून हे पत्रकही त्याच क्रमाने लिहिले आहे.

दिवे आणि तास

अंधार पडल्यावर घराभोवती एक फेरी मारा. फाटकाची कडी कुठे सापडत नाही, पायरी कुठे चुकते, तेवढ्याच जागा लिहून काढा. सगळे आवार लख्ख करायचा मोह होतो, पण प्रत्येक जादा दिव्याची किंमत बॅटरीला मोजावी लागते. चांगला ३ वॅटचा एलईडी दिवा साधारण ३०० लुमेन उजेड देतो. पायरीला किंवा फाटकाला तो पुरतो. उजेड खाली पडेल असा लावा आणि रंग पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनचा घ्या. पांढऱ्याफटक दिव्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली.

आता हिशोब. फाटकावर आणि दाराशी मिळून दोन दिवे रात्रभर, म्हणजे १२ तास: ७२ वॅट-तास (दिव्यांचे वॅट गुणिले तास). बाजूच्या भिंतीवर दोन दिवे, संध्याकाळचे ५ तास: ३० वॅट-तास. एकूण साधारण १००. हे तास वर्षातल्या मोठ्या रात्रींचे धरा. तेव्हाच दिवे जास्त जळतात आणि ऊन कमी मिळते. उन्हाळ्यातल्या हिशोबावर बसवलेला संच नेमका गरजेच्या दिवसांत मान टाकतो.

भिंतीवरच्या दोन दिव्यांना वेगळा टायमर लावा किंवा माणसाची चाहूल लागली की पेटणारा सेन्सर. त्याने जेवढी वीज वाचते, तेवढी पॅनेल वाढवून मिळवणे महाग पडते.

बॅटरी

ढगाळ दिवस गृहीत धरून दोन रात्रींची सोय ठेवावी, असे आमचे मत आहे. म्हणजे २०० वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते, त्यामुळे २५० वॅट-तासांची लागेल: १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास (दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास). लेड-ॲसिड घेतली तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते. तिथे ३५ अँपिअर-तास धरा. गाडीतून काढलेली जुनी बॅटरी बरेच जण घेऊन येतात. ती क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, रोज रात्रभर थोडे थोडे देण्यासाठी नाही. लवकर बसते.

बॅटरी सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे ती बंद पेटीत नको. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

पॅनेल आणि कंट्रोलर

ज्याला सगळे "१२ व्होल्टचे पॅनेल" म्हणतात, ते भर उन्हात १८ व्होल्टच्या आसपास काम करते. ५० वॅटचे असेल तर करंट सुमारे २.८ अँपिअर. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बसतो. त्यातला साधा प्रकार, पीडब्ल्यूएम कंट्रोलर, पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. करंट तेवढाच राहतो, व्होल्ट मात्र १३. म्हणजे ५० वॅटच्या पॅनेलमधून हाती लागतात ३६. दिवसाकाठी चार तासांचे पूर्ण ऊन धरले तर १४४ वॅट-तास, आणि धूळ, उष्णता, चार्जिंगची गळती वजा जाता सव्वाशेच्याही खाली. आपली गरज १०० ची. रोजचे भागते, पण दोन ढगाळ दिवसांनी रिकामी झालेली बॅटरी भरून यायला वेळ लागतो. म्हणून ७५ वॅटचे घ्या, किंवा ५० वॅटला एमपीपीटी कंट्रोलर जोडा. तो जादा व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलून देतो. एवढ्या छोट्या संचाला आम्ही स्वतः मोठे पॅनेल आणि साधा कंट्रोलर सुचवतो.

तळहाताएवढ्या पॅनेलवर "१०० वॅट" छापलेले तयार दिवेही मिळतात. कडक उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट पडतात आणि चांगले पॅनेल त्याचा पाचवा हिस्सा विजेत बदलते. दहा सेंटीमीटर लांब-रुंद पॅनेलचे मग किती झाले? दोन वॅट.

पॅनेलचे तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. कल आपल्या अक्षांशाइतका, आणि मोठ्या रात्रींसाठी पंधरा अंश जास्त ठेवलात तर उत्तमच. पाणी आणि धूळही घसरून जाते. सावली मात्र अजिबात नको. आतले सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर पडलेले पान किंवा पक्ष्याची विष्ठा साऱ्या माळेचा करंट अडवते. टाकीची सावली दुपारी कुठे सरकते ते पॅनेल ठोकण्याआधी पाहा.

वायर

इथे लोक काटकसर करतात आणि मग दिवा मंद लागतो म्हणून परत येतात. समजा, फाटक बॅटरीपासून १५ मीटरवर आहे आणि तिथे ६ वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर न्यायचा आहे. जाऊन-येऊन तार ३० मीटर होते. तांब्याच्या ०.५ चौरस मिलीमीटर वायरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त गळते, १.५ च्या वायरमध्ये ०.२ च्या आत. अर्धा व्होल्ट म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण साध्या एलईडी पट्टीत तीन एलईडी मिळून नऊएक व्होल्ट घेतात आणि उरलेल्या तीन व्होल्टवर रेझिस्टर करंट ठरवतो. त्या तिनातला अर्धा व्होल्ट गेला की करंट सहाव्या हिश्शाने उतरतो. ड्रायव्हर, म्हणजे करंट स्थिर ठेवणारे सर्किट, असलेले १२ व्होल्ट डीसी दिवे हा फरक सांभाळून घेतात, म्हणून बाहेरच्या कामाला आम्ही पट्टी देत नाही.

घरच्या मेन्सची वायर आणि ही वायर एकाच पाइपातून नेऊ नका. जोडणीच्या डब्यात वायर खालून घाला आणि आत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात हिरवा पडतो.

जोडणी

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही. पण बॅटरीची दोन टोके पान्याने जुळली तर पाना लाल होतो. अंगठी, कडे काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. दूर बसवलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.

कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना बरोबर उलटे. बॅटरीविना पॅनेल जोडले तर काही कंट्रोलर पॅनेलचे वीस-बावीस व्होल्ट थेट पुढे सोडतात आणि दिवे जातात. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायला विसरू नका. लेड-ॲसिडच्या सेटिंगवर लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते.

दिवा लागलाच नाही तर

अंधार झाल्याचे कंट्रोलरला पॅनेलच्या व्होल्टेजवरूनच कळते. त्यामुळे रस्त्यावरच्या खांबाचा झोत, किंवा तुमच्याच दिव्याचा उजेड पॅनेलवर पडत असेल, तर दिवे पेटत नाहीत किंवा चालू-बंद होत राहतात. दिवसा पॅनेलवर जाड चादर टाका आणि दहाएक मिनिटे थांबा. बरेच कंट्रोलर मुद्दाम उशिरा पेटवतात. तेव्हा दिवा लागला, तर दोष रात्रीच्या परक्या उजेडाचा.

तरीही अडले तर मल्टिमीटरने तीन आकडे घेऊन या: दुपारी पॅनेलचे मोकळे (वायर सोडवून मोजलेले) व्होल्टेज, पहाटे दिवे चालू असताना बॅटरीचे, आणि त्याच वेळी फाटकावरच्या दिव्याच्या टोकांना मिळणारे. पहिला विसाच्या आसपास असेल तर पॅनेल बहुधा ठीक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात मोठी तफावत असेल तर दोष वायरीत किंवा जोडात आहे, आणि त्यासाठी नवी बॅटरी आम्ही तुम्हाला विकणार नाही.