स्केचबुक वेगळं, कामाची वही वेगळी

बोधचित्रण, म्हणजे मजकुरासाठी चित्रं काढणं (इलस्ट्रेशन), शिकणाऱ्यांकडे वर्गात दोन वह्या मागतात: स्केचबुक आणि प्रोसेस जर्नल. दोन्हींत पेन्सिल चालते, दोन्हींत रंग लागतो, म्हणून एकाच जाड वहीत दोन्ही कोंबण्याकडे कल असतो. नुकसान तिथूनच सुरू होतं. स्केचबुक बघण्यासाठी असतं, समोर काय आहे ते हाताला कळावं म्हणून. जर्नल, म्हणजे कामाची वही, ठरवण्यासाठी असते. हाती घेतलेल्या कामात काय निवडलं, काय टाकलं आणि का, हे तिच्यात उतरतं. दोन्ही एकत्र केल्या की स्केचबुकाची पानं मार्कांच्या धाकाने नटू लागतात आणि निर्णयांची नोंद कुठेच राहत नाही.

आधी स्केचबुक. बेळगावच्या खडे बाजारात किंवा बस स्टँडवर उभं राहून काढायचं तर ए५ आकाराची (१४८ × २१० मिमी), कडक पुठ्ठ्याची वही घ्या. ए४ हातावर पेलत नाही आणि लोक लगेच भोवती जमतात. कागद १३० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा साधा जाडसर कागद, पुरतो. त्यावर जलरंगाचा एक पातळ हात निभतो, दुसरा दिला की कागद फुगतो. भरपूर पाणी वापरायचं असेल तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागदच लागतो, पण तो रोजच्या वहीसाठी महाग पडतो आणि वही जड होते.

पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो, बेळगावच्या खानापूर-कणकुंबीकडे तर अधिकच, की वरून वाळलेला दिसणारा रंग आतून ओलाच राहतो. वही मिटली की समोरासमोरची पानं चिकटतात. पोस्टर कलर किंवा गवाश (अपारदर्शक जलरंग) लावला असेल तर मधे बटर पेपर घाला. या दिवसांत बाहेर नेताना २बी किंवा ४बी पेन्सिल आणि वॉटरप्रूफ शाईचं पेन एवढंच पुरे. पेनवर लिहिलंय म्हणून शाई वॉटरप्रूफ धरू नका. रेघ ओढा, पाच मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा आणि खात्री करा.

माणसं हलतात, ही बाहेर काढतानाची मुख्य अडचण. पहिल्या अर्ध्या मिनिटात दोनच गोष्टी पकडा: शरीराचा भार कोणत्या पायावर आहे आणि खांद्याची रेघ कुठल्या बाजूला उतरते. चेहरा शेवटी. माणूस निघून गेला तर चित्र आठवून पुरं करू नका, कारण आठवणीतून येतो तो हाताला आधीच पाठ झालेला माणूस, समोरचा नव्हे. तिथेच बाजूला नवं सुरू करा. भाजी तोलणारी बाई, बसची वाट बघणारे आजोबा, टेम्पोत पोती चढवणारा हमाल, सगळे थोड्या वेळाने त्याच ढबीत परत येतात. म्हणून एका पानावर चार-पाच अर्धवट चित्रं चालू ठेवली तर त्यातली दोन तरी पुरी होतात.

बेळगावातच वडगाव-शहापूरकडे विणकराच्या मागापाशी बसून काढायचं असेल तर घरच्यांना आधी विचारा, आणि कॅन्टोन्मेंट भागात लष्करी आवारासमोर वही उघडूच नका. माग काढताना आधी चौकट, मग ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दिशा, त्यानंतर धागे ठोकणारी फणी आणि आडवा धागा नेणारा धोटा. धागे मोजत बसलं की रचना हातातून सुटते. बाजारातल्या पाट्या कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिसतात; तिथे अक्षरांऐवजी नागमोडी रेघ मारायची सवय फार वाईट. कन्नड अक्षरांची गोलाई आणि डोक्यावरची छोटी खूण, म्हणजे तलेकट्टू, देवनागरीची आडवी शिरोरेघ, यांचा ठसा दुरूनही वेगळा दिसतो. तो ठसा बरोबर आला की चित्रातला रस्ता कर्नाटकातल्या निपाणीचा की महाराष्ट्रातल्या कोल्हापूरचा हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

असं समोर बघून काढणं बेळगावला नवं नाही. १९३५ साली इथे जन्मलेले बोधचित्रकार रवी परांजपे हे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकले. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राची ती तालीम होती. बोधचित्रात कल्पनेला वाव असला तरी तिला उभं राहायला अशा रेखाटनाची जमीन लागते, असं आमचं ठाम मत आहे.

आता कामाची वही. समजा, खानापूरकडच्या कुंभारावरच्या गोष्टीसाठी पुस्तकात एक पानभर चित्र हवंय. पहिल्या पानावर काम एका वाक्यात लिहा: आकार, छापील की पडद्यावर, किती रंग, कधी द्यायचं. मग गोष्टीचा मजकूर चिकटवून त्यातली वेळ, ऋतू, कपडे, अवजारं अधोरेखित करा. गोष्टीत भट्टी संध्याकाळी पेटते आणि चित्रात लख्ख दुपार येते, ही चूक फार होते, आणि ती इथेच पकडता येते.

पुढची पायरी कच्च्या आराखड्यांची, म्हणजे थंबनेलची. निदान बारा काढा. अंतिम चित्र ए५ असेल तर प्रत्येक चौकट ४ सेंमी रुंद आणि सुमारे ५.७ सेंमी उंच हवी. प्रमाण तेच राहिलं नाही तर मोठं करताना मांडणी मोडते. जाड मार्कर वापरा, म्हणजे बारकाव्यात शिरताच येत नाही. पहिल्या तीन-चार चौकटींत जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं: समोर चाक, मागे कुंभार. सातव्या-आठव्यापासून कुठे वरून, चाकाच्या पातळीवरून किंवा भट्टीच्या तोंडातून बघणं सुरू होतं. त्यांतले तीन निवडून तळहाताएवढे मोठे करा आणि फक्त पांढरा, करडा, काळा अशा तीन छटांत भरा. तीन छटांत वाचता न येणारं चित्र रंगांनी सहसा सुधारत नाही. मग तीन-चार छोट्या रंगचाचण्या करा, आणि कोणत्या रंगात कोणता किती मिसळला ते शेजारी लिहा. पंधरा दिवसांनी तोच मातकट तांबडा पुन्हा जुळवताना ही नोंद नसली तर हाल होतात.

बहुतेकांची गाडी लेखी नोंदीवर अडते. ‘मजा आली’, ‘रंग छान जमले’ असं लिहून हाती काही लागत नाही. नोंद अशी हवी: ‘चित्र डाव्या पानावर येणार, मजकूर उजव्या. पाचव्या आराखड्यात कुंभार डावीकडे बघतो, त्यामुळे वाचकाची नजर पुस्तकाबाहेर जाते. दिशा उलटवली. आता थापी (मडकं थोपटायचं अवजार) धरलेला हात चाकाआड गेला, म्हणून चाक खाली घेतलं.’ चार ओळी, त्यांत काय दिसलं, काय बदललं आणि त्याने नवी अडचण कोणती आली. टाकून दिलेल्या आराखड्यालाही एक ओळ द्या.

अंतिम चित्र झाल्यावर मागाहून थंबनेल काढून वही भरणारे विद्यार्थी असतात. ते लपत नाही. सगळ्या चौकटी एकाच पेनाच्या, त्यांतल्या बहुतेक तयार चित्राच्याच धाकट्या आवृत्त्या, आणि नाकारलेल्या कल्पनेचं कारण कुठेच नाही. परीक्षकाला ते दिसतंच. पण विद्यार्थ्याचं खरं नुकसान असं की आपण कुठे वळलो हे त्याला स्वतःलाच सापडत नाही, आणि पुढच्या कामात तो पुन्हा शून्यावरून सुरू करतो.

स्केचबुकातलं रेखाटन कामाला लागलं तर पान फाडू नका. खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन पानाला समांतर धरून फोटो घ्या, छोटा छापून कामाच्या वहीत चिकटवा आणि खाली ‘स्केचबुक ३, पान २७’ असा पत्ता लिहा. त्यासाठी स्केचबुकाच्या पानांना क्रमांक आणि तारीख पहिल्या दिवसापासून हवी. पोर्टफोलिओ ही तिसरी गोष्ट. त्यात निवडलेलं पुरं काम जातं, फार तर सोबत प्रक्रियेचं एखादं पान.

कामाची वही छपाईपर्यंत चालू ठेवा. ए५ चित्राला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, धरलं तर फाइल १५४ × २१६ मिमीची होते, ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) साधारण १८१९ × २५५१ पिक्सेल. ब्लीड विसरलं की कापताना कडेला पांढरी रेघ राहते. पडद्यावर झळकणारा हिरवा आणि केशरी सीएमवायके छपाईत (निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या) मळतो, म्हणून पूर्ण छपाईआधी एक नमुना छापून घ्या, तो रंगचाचणीच्या पानाशेजारी चिकटवा आणि कुठला रंग किती उतरला ते तिथेच लिहून ठेवा.